वय पाहून सांगितलेलं भविष्य

नाना, आज दुपारी शिंदखेड्याहून एक मुलगा त्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन माझ्याकडे आला होता. तिच्या डोक्यात गाठ आहे, मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय आणि मुलाला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की आई त्यातून उठेल का? हल्ली डोक्याच्या आतले फोटो निघतात. ते त्याने पिशवीतून काढून माझ्यापुढे पसरले. मी नीट पाहिले, तरी मला काही सांगता येईना. दवाखाना कधीच बंद केला, पण लोक विचारायचं सोडत नाहीत, आणि मी आता खरंच थकलोय.

तुमच्या गाठीच्या वेळी फोटोत नुसती कवटी दिसायची. दुसरी लढाई चालू होती. तुम्ही सकाळी डोकं धरून बसायचात, उलटी व्हायची, डाव्या हातातून भाकरीचा तुकडा गळायचा. मुंबईचे सर्जन म्हणाले, चाळिशीतला माणूस असता तर मी लगेच कवटी उघडली असती, सत्तरीच्या माणसाचं काही सांगता येत नाही. तुमच्या मुलांत डॉक्टर मी एकटा, सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी तुमची नाडी पाहिली, छाती तपासली आणि ओसरीवर जाऊन थोरल्या भावाला म्हणालो, नाना टेबलावरून उठणार नाहीत. तुम्ही आत खाटेवर ऐकत होतात. "बठ्ठा मनी उमर इचारतस," तुम्ही ओरडलात, "माले जगनं शे का, हाई कोन्हीच इचारत नही." सगळे वय विचारतात, जगायचंय का हे कोणी विचारत नाही, एवढं सुनावून तुम्ही भावाला तिकिटं काढायला लावलीत.

निघायच्या आदल्या दिवशी आईने मांडे केले. माझ्याच निरोपावरून बहिणी सासरहून आल्या, नातवंडं एकेक करून पाया पडायला लागली. तुम्ही दुधात मांडा कुस्करता कुस्करता चिडलात, "अरे, मी मुंबईले जास, वर नही!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढे तुम्ही शुद्धीवर आल्याची तार आली, तेव्हाही मी आईला म्हणालो, थांब, म्हाताऱ्या मेंदूला सूज चढते. ती चढली नाही.

आज मी मुलाला गप्प केलं आणि म्हातारीलाच विचारलं. ती म्हणाली, "माले घर जानं शे." म्हणजे ऑपरेशन नको, घरीच जायचं. मुलगा रडायला लागला. ती बरोबर की तो, मला ठाऊक नाही. तुमच्यासारखी तीही उठली असती कदाचित. मी दोघांना चहा दिला आणि बसपर्यंत सोडून आलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकतो. चाळीसगावच्या फलाटावर तुम्ही डब्यातून स्वतःच्या पायांनी उतरलात, डोक्याला पट्टी, डाव्या हातात पिशवी. भाऊ हसत होता. मी वाकून पाया पडलो, पण नाना, मला आनंद झाला नाही, राग आला. मी तुमच्यासाठी आधीच रडून मोकळा झालो होतो.