संबोधन गाळलेली वाक्ये

हानोई,
२३ नोव्हेंबर १९९७

प्रिय मिएन,

ताईचे तुला आणि तुझ्या घरातल्या सर्वांना आशीर्वाद. तुझे पत्र आणि सुक्या माकुळांचे पुडके एकाच दिवशी मिळाले. माकूळ उत्तम प्रतीचे आहेत. पत्राविषयी तसे म्हणता येणार नाही. साठीला आलेल्या, मुख्याध्यापकाच्या मुलीने पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या इतक्या चुका करू नयेत.

इकडे थंडी सुरू झाली आहे. माझी वरची एक दाढ काढून टाकावी लागली. बाबांच्या श्राद्धाची तयारी नेहमीप्रमाणे मीच करीन. तू फक्त गाडीचा दिवस कळव, आणि गेल्या वर्षीसारखी स्टेशनवरून प्लॅस्टिकची फुले आणू नकोस. यंदा एक पान जास्त वाढायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. त्याविषयी पुढे लिहीन.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. तो तू तीन ठिकाणी तीन वेषांत विचारला आहेस. आपल्या आतेबहिणीने तुला कळवले, की मी बाजारामागच्या गल्लीत, फुटपाथवर, लहान मुलांच्या स्टुलावर बसून शेवया खाताना दिसले, आणि तेही एकदा नव्हे. माझी प्रकृती ठीक आहे ना, घरी स्वयंपाक होतो ना, असे तू विचारतेस. दोन्ही ठीक आहे. बातमी खरी आहे. 'लहान मुलांच्या स्टुलावर' हा तपशील मात्र खोडसाळ आहे. तिथे सर्वांना तेवढीच स्टुले मिळतात.

दुकान म्हणजे एका घराची ओसरी, एक चूल, भांडी विसळायचे एक पिंप आणि काही बुटकी टेबले. मालकिणीचे नाव थोम, म्हणजे सुगंधी. आईबापांनी केलेली इतकी चुकीची निवड मी क्वचितच पाहिली आहे. दुकानाच्या फलकावर 'खेकड्याच्या रश्श्यातल्या शेवया' या पदार्थाच्या नावातले पहिलेच अक्षर अशुद्ध आहे. आपल्या हानोईकरांच्या तोंडी ती दोन अक्षरे सारखीच वाजतात, म्हणून कागदावरही सारखीच समजावीत, हा युक्तिवाद मी विद्यापीठात एकाही विद्यार्थ्याचा ऐकून घेतला नाही. तिचा का ऐकावा? पहिल्याच दिवशी चूक दाखवून दिली.

"खेकड्याला वाचता येत होतं का?" ती ओगराळे न थांबवता म्हणाली. "शेवया खायला आलात का वही तपासायला?"

मी शेवया मागवल्या, आणि कशा हव्यात तेही सांगितले. त्यावर ती चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिंबू वेगळं, मिरची वेगळी, कांदापात नको, रस्सा उकळता हवा. पोट तरी एकच आणलंय ना, आजी?"

मागे बसलेले हमाल हसले. तिथे सर्वांनाच असे बोलून घ्यावे लागते. एका बँकेच्या अधिकाऱ्याला तिने "टाय रश्श्यात बुडला तर त्याचे पैसे वेगळे" असे सुनावलेले मी ऐकले आहे. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, टाय खिशात घालून.

तू म्हणशील, असले बोलणे ऐकून घेणारी ताई कधीपासून झाली? उत्तर असे, की रस्सा निर्दोष आहे. शेतातले लहान खेकडे ती अजून उखळीत कुटते, फडक्यातून गाळते, आणि मंद आचेवर त्यांचा गर वर जमू देते. आंबटपणासाठी नुसते टोमॅटो न ढकलता तांदळाच्या दारूच्या गाळाचे जुने व्हिनेगर वापरते. तळलेल्या टोफूला बाहेरून कुरकुरीतपणा असतो आणि आत ओल असते. केळफूल इतके बारीक चिरलेले असते, की त्यात मला आजवर काही दोष सापडलेला नाही. एवढे कारण कोणत्याही सुजाण माणसाला पुरेसे वाटावे.

तुला ते पुरेसे वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तिथे आपली जागा आपण निवडत नाही. थोमबाई जिथे बोट दाखवील तिथे बसायचे. वसंतात तिने मला एका गृहस्थांसमोर बसवले. त्यांचे नाव किएम. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे विशेष काही नाही. ट्राम बंद होईपर्यंत ते ट्राम चालवत असत. पत्नी वारली आहे, मुलगी हायफाँगला असते. ते रस्सा आवाज करून पितात. वाटीत कोळंबीची ती उग्र चटणी इतकी घालतात, की समोरच्याला रुमाल काढावा लागतो. 'तत्त्वतः' हा शब्द त्यांना फार प्रिय आहे आणि तो त्यांनी आजवर एकदाही योग्य जागी वापरलेला नाही. मी तो दुरुस्त करून दिला, तर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तत्त्वतः आज टोफू मोठा आहे." आणि माझ्याकडे पाहत बसले. चूक मुद्दाम केली होती. मला हसू आले, हे मान्य करते.

पहिल्या दिवशी त्यांनी, थोर कोण ते ठरवायला, रीतीप्रमाणे जन्मसालाचा प्राणी विचारला, "आपलं साल कोणतं?"

"कुत्र्याचे," मी सांगितले.

"मग मी धाकटा. माझं ड्रॅगनचं." त्यांनी माझ्या काड्या आणि चमचा कागदाने पुसून माझ्यापुढे ठेवले आणि चुलीकडे वळून ओरडले, "थोमबाई, कुत्रा आणि ड्रॅगन एका टेबलावर बसवलेत. भांडी सांभाळा."

"भांडी फुटली तर दोघांकडून भरून घेईन," ती म्हणाली.

तेव्हापासून ते मला 'ताई' म्हणत आणि स्वतःला 'धाकटा'. हे अगदी यथायोग्य होते. आपल्या भाषेत नुसते 'मी' आणि नुसते 'तुम्ही' यांवर सभ्य माणसाचे भागत नाही. आधी नाते ठरते, मग वाक्य सुरू होते. मी जन्मभर हेच शिकवले. संबोधनावरचा माझा प्रबंध तू कपाटात उशीसारखा ठेवला आहेस, म्हणून आठवण करून देते.

गेल्या महिन्यात त्यांच्या बोलण्यातून 'ताई' नाहीशी झाली. प्रथम मला वाटले, अनवधान असेल. पण मग ते रोजचेच झाले. "आज गार आहे." "पुदिना हवा का?" "दाढ अजून दुखते?" कोण, कुणाला, काही नाही. अशी डोके उडवलेली वाक्ये आपल्याकडे भांडताना वापरतात किंवा कोंबड्या हाकताना. सलगी वाढली की माणसे मर्यादा सोडतात, असा मी निष्कर्ष काढला आणि गेल्या बुधवारी त्यांना स्पष्ट सांगितले.

"किएम, मी आपल्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. 'ताई' म्हणणे जड जात असेल तर माझ्याशी बोलू नये. पण असे अर्धे बोलू नये."

त्यांनी काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. "जडच जातं."

"कारण?"

"'ताई' म्हटलं की धाकटा भाऊ व्हावं लागतं. ते आता जमत नाही."

"मग काय व्हायचे आहे?" मिएन, मी हे तोंडी परीक्षेत विचारावे तसे विचारले. उत्तर काय येईल याची मला खरोखर कल्पना नव्हती.

"तेच सांगायचं होतं. शब्द सापडेना, म्हणून जागा मोकळी ठेवली."

थोमबाईने ओगराळे कडेवर आपटले. "मोकळी जागा माझ्या दुकानात नाही. खायचं असेल तर खा, नाहीतर उठा. माणसं उभी आहेत."

मी उठले. वाटी अर्धी तशीच होती. त्यानंतर मी तिकडे गेलेले नाही. दाढेचे वर लिहिले आहे. ती काढली हे खरे, पण न जाण्याचे कारण ती नव्हे.

सहा-सात महिने ज्यांच्यासमोर बसून खाल्ले, त्यांच्या एका गाळलेल्या शब्दाला मी उद्धटपणा म्हटले. तो उद्धटपणा नव्हता, एवढे आता कळले आहे. प्रश्न उत्तराचा आहे. आपल्याकडे नवरा म्हणजे 'थोरला' आणि बायको म्हणजे 'धाकटी'. वय काहीही असो, जोडपे झाले की हेच शब्द. मी, कुत्र्याच्या सालची, ड्रॅगनच्या सालच्या माणसासमोर स्वतःला धाकटी म्हणवून घेऊ? बाराव्या वर्षी आई गेली, तेव्हापासून मी ताई आहे. तुझी ताई, मग मावसभावंडांची, मग विभागातल्या सगळ्यांची. बाबासुद्धा शेवटी शेवटी मला ताईच म्हणू लागले होते. दुसरे काही होणे मला कुणी शिकवलेले नाही, आणि न शिकलेली गोष्ट चारचौघांत करायला मी घाबरते. हे तुला म्हणून लिहिते.

आणखी एक. हो म्हटले तर लोक हसतील. ते मला सहन होईल. नाही म्हटले तर मला दुसरे दुकान शोधावे लागेल. तेही होईल. पण गेल्या चार दिवसांत मी घरी तीनदा शेवया केल्या, आणि तिन्ही वेळा काड्या पुसून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवल्या. या अविचाराची मी नोंद घेतली आहे.

थकले आहे. पत्र आज टाकीत नाही.

२६ नोव्हेंबर

मिएन,

आज सकाळी गेले होते. राखाडी कोट घातला, तो नवा. कारण विचारू नकोस.

थोमबाईने मला लांबूनच पाहिले. "आलात? मला वाटलं मेलात. निरोप तरी धाडायचा, एक वाटी कमी केली असती."

"दाढ काढली," मी म्हणाले.

"दाढ काढली तर रस्सा पितात. पायाची काढली होती का?" मग ओगराळ्याने दाखवत म्हणाली, "एक जागा नळापाशी आहे, एक त्या ट्रामवाल्यासमोर. आठवडाभर तिथं कुणाला बसू देत नाही तो. म्हणतो, कुणीतरी यायचंय. मी काय त्याच्या बापाचं स्टेशन चालवते? लवकर ठरवा."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी मान वर केली नाही. माझ्या काड्या आणि चमचा पुसले आणि पुढे ठेवले. 'ताई' म्हणाले नाहीत, दुसरेही काही म्हणाले नाहीत. कोळंबीची चटणी आज त्यांच्या वाटीत नव्हती. ते मी पाहिले. वाटी आली. शेजारी एक बाई तिच्या भाजीच्या टोपलीसाठी जागा मागत होती, हमालांपैकी एकाचा हिशेब चुकला होता, आणि मी तेवढ्या गडबडीत माझे वाक्य मनात दोनदा जुळवून पाहिले.

मग मी म्हणाले, "थोरल्यांनी धाकटीला जरा लिंबू द्यावे."

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. वस्तुस्थितीच्या दृष्टीने साफ खोटे होते. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा आला असावा, कारण टोपलीवाली बाई वळून पाहू लागली.

किएमनी बशी उचलून माझ्यापुढे केली. ती मिरचीची होती. मी ती चूक दाखवली नाही. मिरची घेतली आणि रश्श्यात टाकली, आणि डोळ्यांतून पाणी आले त्याचे कारण सर्वांना सहज कळेल अशी सोय झाली.

"तिखट लागली का, धाकटे?" त्यांनी विचारले. आता शब्द नीट जागेवर होता.

"झालं तुमचं?" थोमबाई म्हणाली. "आता लिंबू त्यांच्याकडेच मागायचं. मला एक त्रास कमी."

तर असे आहे. यंदा श्राद्धाला एक पान जास्त वाढायचे. ते उदबत्ती लावतील तेव्हा मी बाबांना काय सांगायचे ते सांगेन. तू मध्ये बोलू नकोस. पंचांग काढून कुत्रा आणि ड्रॅगन यांचे वैर मला समजावू नकोस. ते मला पाठ आहे, आणि तुझ्या सालचा बैलही त्याच भांडणातला आहे. रस्सा पिताना आवाज होईल, तिकडे दुर्लक्ष करायचे. ती सवय मी मोडणार आहे, कदाचित.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळायची. ते तुझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत, आणि तुझी जीभ अडखळेल हे मी गृहीत धरले आहे. तरीही थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला जे म्हणतात तेच तू म्हणायचे: दाजी. नाव घेऊन चालणार नाही, 'ते' म्हणून चालणार नाही, आणि शब्द गाळून तर मुळीच चालणार नाही. प्रवास लांबचा आहे. गाडीत सराव कर.

तुझी ताई,
आणि या एकाच घरात धाकटी,
ओआन्ह