कानबाईचा पाट आणि माझा दम

५ जुलै, शनि.
प्रार्थनेला पोरांसमोर शिंक आली आणि परत तेच, लघवीचे दोन थेंब. हल्ली शाळेत गडद साड्याच नेसते. शेवटी चिडून फिजिओबाईंकडे गेले. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढी, पण ती लाजली नाही, मीच लाजले. म्हणे बाळंतपणं, पाळी जाण्याचं वय, पुष्कळ बायकांना होतं. खालचे स्नायू सैल पडलेत, शिकवले की शिकतात. श्वास घेताना पोट फुगू द्यायचं, खाली सैल. सोडताना खालून हळूच वर ओढायचं. मी इतकं आवळलं की तोंड लाल. "मॅडम, दम कोंडू नका."

९ जुलै
पलंगावर पडून फू फू काय चाललंय, अक्कांनी विचारलं. सासूबाईंना काय सांगणार? म्हटलं, श्वासाचा व्यायाम. सुटले.

१३ जुलै, रवि.
सुटले कसली. अक्कांनी घरभर करून टाकलं की मला दमा आहे. ह्यांनी देवघरातली उदबत्ती बंद केली. पाचोऱ्याहून नणंदबाईंनी अडुळशाचा पाला पाठवला. दही बंद! माझं दही...

२४ जुलै
फळ्यासमोर खोकला आला. कोरडी राहिले. इतका आनंद झाला, आणि सांगायला कोणी नाही. फिजिओबाई म्हणाली होती, वेळ लागेल, नेम सोडू नका.

२८ जुलै, सोम.
अक्कांचे गुडघे गेले, म्हणून यंदा श्रावणात आमच्या खानदेशच्या देवीचा, कानबाईचा पाट विसर्जनाला मी डोक्यावर घ्यायचा होता. आता नणंदबाई घेणार. "तुले दमा शे, तू नको उचलू." अक्का मायेनेच म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. बाथरूममध्ये रडले. पाट मला हवाय. पण डोक्यावर देवी आणि पांझरा नदीच्या वाटेवर खाली ओलं झालं तर? ह्याची भीती दम्यापेक्षा वाईट.

२ ऑगस्ट, शनि.
कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडता निवडता अक्कांना सांगून टाकलं. दमा नाही. काय आहे ते सगळं, देवीची भीतीसुद्धा. त्या मान खाली घालून खडे काढत राहिल्या. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "कानबाई बी बाईच शे ना."

थोड्या वेळाने खोलीत आल्या, दार लोटलं. "ते फू फू माले बी दखाड." दोघी पलंगावर आडव्या. त्यांनीही दमच कोंडला. किती वर्षं, असं विचारायचं तोंडावर आलं होतं, विचारलं नाही.

पाटाचं त्या काही बोलल्या नाहीत. नणंदबाई उद्या सकाळच्या गाडीने येतील, परवा विसर्जन. अक्का गच्चीवर होत्या तेवढ्यात रिकामा पाट डोक्यावर घेऊन बघितला, श्वास सोडत. जमलं. देवी बसल्यावर किती जड होतो, कोण जाणे.