कोंडीराम नावाचं बेट

मी, कस्तुरा कोंडीराम ओव्हाळ, वय चौसष्ट, राहणार देहूरोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी भरीस न घालता, माझ्या मर्जीने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. देहूरोडच्या दोन खोल्या मी व माझे दिवंगत पती कोंडीराम यांनी चाकणला नोकरी करून घेतल्या. त्या मुलगा बुद्धरत्न व मुलगी आम्रपाली यांना निम्म्या-निम्म्या. आम्रपालीचा पुनावळ्यात फ्लॅट आहे म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

२. बँकेतली ठेव नात दीक्षा हिच्या शिक्षणासाठी. दुसऱ्या कशासाठीही मोडू नये.

३. बावीस वर्षे मी गाड्यांच्या वायरी जोडल्या. सुपरवायझर पाठीशी घड्याळ घेऊन उभा राहायचा. लघवीला गेले तरी वेळ मोजायचा. त्याला मी माफ केलेले नाही. तसे इथे नोंदवते.

४. गेमचे मशीन. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

आम्हा नवरा-बायकोच्या शिफ्ट उलटसुलट. ते घरी येत तेव्हा मी बसथांब्यावर. निवृत्तीनंतर समुद्र पाहायचा ठरला होता, त्याआधीच ते गेले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. तेव्हा आम्रपालीने आपले जुने मशीन टीव्हीला जोडून दिले.

त्यात एक बेट होते. निळे पाणी, होडी, हळूहळू उगवणारी फुले. तिथे कुणी हरत नाही, कुणाला घाई नाही. मशीनने बेटाचे नाव विचारले. जे नाव त्यांच्या हयातीत मी तोंडाने घेतले नाही, तेच लिहिले. मग रोज दुपारी मी वल्ही मारत त्यांच्याभोवती फिरायचे. माझा श्वास संथ व्हायचा. मी पुन्हा भाकरी थापू लागले, शेजारणीशी बोलू लागले.

पण तिथून परतणे मला जमेना. जेवण चुकू लागले, गोळ्या चुकू लागल्या. गेल्या वर्षी दीक्षाचा शाळेत नाच होता. मी येते म्हणाले होते. त्या दुपारी बेटावर धुके उतरले होते आणि मी त्यात होडी सोडून दिली होती. पोर शाळेच्या दारात माझी वाट पाहत उभी राहिली.

बुद्धरत्न आला, त्याने वायर उपटली. "आई, आम्ही जिवंत आहोत गं!" एवढेच म्हणाला आणि मशीन घेऊन गेला.

पाच महिने आम्ही बोललो नाही. मी पुन्हा भिंतीकडे वळले. मग एका रविवारी तो मशीन परत घेऊन आला, शेजारी बसला. "दाखव मला, तू कुठं जातेस."

मी त्याला होडी दिली. त्याला वल्ही जमेनात, गोल गोल फिरत राहिला. तीन पाळ्यांत पिचलेला माझा मुलगा किनाऱ्यावर नुसता बसून राहिला. पडद्यावरचे नाव त्याने दोनदा वाचले आणि वडील गेल्यावर पहिल्यांदा रडला. "इथं कुणी हाक मारत नाही गं," म्हणाला.

"म्हणूनच जेवून जायचं नि अंधाराच्या आत परत यायचं," मी म्हणाले. तेव्हापासून दोघांनीही तो नियम पाळला.

सबब मशीन बुद्धरत्नास. बेट पुसू नये. मात्र कुणी एकट्याने तिथे मुक्काम करू नये.

५. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील घ्यावे. जेवणावळी नकोत.

६. दवाखान्यात मशीन आणू नये. बुद्धरत्न मोबाईलवर बेट घालून देतो म्हणाला, मी नको म्हटले. त्या खाटेजवळ माणसे येतील. त्यांनी हाक मारली तर मला ऐकू यायला हवी.

सही: कस्तुरा कोंडीराम ओव्हाळ

कस्तुराताईंनी हा मजकूर आमच्यासमोर स्वतः वाचला व सही केली. मग आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१) चिमाजी गेनू साबळे, शेजारी, देहूरोड
२) कौशल्याबाई बबन येळवंडे, कंपनीतल्या सोबती, निघोजे

देहूरोड, दि. १६ नोव्हेंबर २०२४