न वाकता खुडायचा पुदिना

३ मार्च
पाईपांची मांडणी एकदाची उभी राहिली. खरा खर्च – अंगठ्याचं एक नख, शेजाऱ्याची दुपारची झोप आणि लेकीचा अबोला. पाईप तर आपल्याच दुकानातले!
अबोल्याआधीचं तिचं शेवटचं वाक्य – "आई दवाखान्यात आणि तुम्ही बाल्कनीत भोकं पाडत बसा!" मग तिकडे बाकावर बसून काय करू? डॉक्टर येतो, मान हलवतो, जातो.
मणक्याच्या ऑपरेशननंतर हिला वाकायची बंदी. कुंड्या सगळ्या जमिनीवर. म्हणून हे काढलं – आडवे पाईप, वर भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, आतून खताचं पाणी फिरतं. माती नाही, वाकणं नाही. उंची बरोब्बर तिच्या कमरेला. न मोजता सांगितली! जन्मात माझं माप चुकलेलं नाही.

५ मार्च
पुदिना लावला. ही फोनवर – "अहो, नळ जोडणाऱ्याच्या हाती रोपं? देव त्यांचं भलं करो!" हसली, पण मधेच थांबली. ते थांबणं कानातून जात नाही.

८ मार्च
रोपांनी माना टाकल्या. पंप चालू, पाणी वाहतंय, थेंबाची गळती नाही. मग? ही घरी यायची आणि समोर वाळक्या काड्या! चहा तसाच गार झाला.

९ मार्च
लेक बोलली! वाटी उचलून म्हणाली, "बाबा, मुळं कोरडी आहेत. पाणी खालून पळून जातंय."
वाकून बघतो तर ढाळ! सांडपाण्याच्या पाईपाला देतो तसा सणसणीत. पाईपात पाणी थांबता कामा नये – जन्मभर हेच केलं, हातांनी मला न विचारताच केलं.
लेक पोट धरून हसली. "रोपांना पाणी पाजायचंय बाबा, मोरी नाही धुवायची!"
दोघांनी उताराच्या टोकाखाली पाचर ठोकली. आता पाणी रेंगाळतंय.

१२ मार्च
नवे फुटवे!
डॉक्टर लेकीला बाजूला घेऊन बोलत होता. माझे कान तिखट, भिंतीआडची गळती ऐकणारे. तरी "पायात जोर" आणि "बघू" एवढंच हाती लागलं. लेक म्हणाली, "काही नाही हो." काही नाही सांगायला एवढा वेळ?

१५ मार्च
हिला घरी आणलं. पायांत जोर आला नाही. येणारही नाही – डॉक्टरने आज मलाही सांगितलं. चाकांच्या खुर्चीतून बाल्कनीत नेली.
पाईप तिच्या हनुवटीला येतो.