एका ओळीत एकदाच दादा

अंबाजोगाई

तीर्थस्वरूप अभिमन्यूदादास, धाकट्या सुनिताचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुझ्या ऊसतोडीच्या टोळीतले सगळे बरे असोत. (तीन वर्षांनी लिहिते आहे, म्हणून चौकशी साठली आहे.)

आईच्या शेवटच्या दिवसांची माझी रोजनिशी तू मागितलीस. ती मी संगणकावर उतरवली आहे, एक दिवस म्हणजे एक ओळ (मध्ये एंटर दाबला तर दिवस तुटतो असं उगाच वाटतं). पाठवण्याआधी वाचली आणि घाम फुटला. तू ऊसतोडीवरून आला नाहीस या रागात मी तुझं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. सगळीकडे 'तो गाढव'. बदलावं तर रोजनिशी खोटी होते, न बदलावं तर तू वाचणार. या विचारात दोनदा भाजी करपली.

शेवटी माझ्या वैष्णवीने (संगणकाच्या शेवटच्या वर्षाला आहे) काळी खिडकी उघडून सेड नावाची आज्ञा दाखवली. एकच ओळ लिहायची: 'तो गाढव' दिसेल तिथे 'दादा' कर. मजकूर एकीकडून आत जातो, दुसरीकडून बदलून बाहेर येतो. पापणी लवायच्या आत एकशे बारा दिवस बदलले! काम झालं तर गप्प, चुकलं तरच बोलतं. (आपल्या भावकीत असं एक तरी माणूस आहे का?) मी खरंच हात जोडले.

मग वाचलं. "आजही दादा आला नाही. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, तो गाढव निघाला आहे. आई म्हणाली, लेकराला कावून बोलतीस? तोडीत अडकलं आसंल." रोज तसंच. वैष्णवी हसून लोळली. "आई, आज्ञेच्या शेवटी इंग्रजी 'जी' लावायचा राहिला! त्याशिवाय ते ओळीतला पहिलाच 'तो गाढव' बदलतं. मामाला दिवसातून एकदाच माणसात आणलंस तू!"

जी लावून स्वच्छ केलेली पानं सोबत आहेत.

तुझी,
सुनिता

ता.क. ती पानं वाचू नकोस. मूळ वही वेगळी पाठवते आहे, ती वाच. त्याच आज्ञेने एखादा शब्द असलेल्या ओळी पुसताही येतात. मी 'फोन' असलेल्या पुसून पाहिल्या. नऊ दिवस गेले, कसला आवाज नाही. मला भीती वाटली. त्या दिवसांत आई म्हणायची, 'अभिमन्यूला फोन लाव', आणि मी म्हणायचे, 'लावला.' लावला नव्हता, दादा. आई आजारी आहे एवढंच तुला ठाऊक होतं. शेवटचं आहे हे मी कळवलं नाही. तूच विचारावंस असा माझा हट्ट.

आणखी एक. वाचून झालं की ये. भांडायला ये. मांजरसुंब्याला उतरलास की कळव, मी घ्यायला येते.