ठिपके किती?

कळंबा, कोल्हापूर

प्रिय आत्ती,

आज लेन्स माझी मी घातली. सासूला पत्र लिहायला एवढं कारण पुरे आहे. तुम्ही जाऊन महिना झाला आणि महिनाभर मी धुक्यातच वावरत होते.

लग्नानंतर डॉक्टर म्हणाले होते, बुबुळं टोकदार होत चालली आहेत, चष्म्याचा उपयोग नाही. मग ती वाटीसारखी खोलगट लेन्स आली. काठोकाठ सलाईनचं पाणी भरायचं आणि मान खाली घालून डोळ्यात बसवायची. बुडबुडा राहिला की सगळं पुन्हा. लेन्स डोळ्याजवळ आली की मी मान मागे घ्यायचे. तुम्ही धार काढून आलात, कोपरापर्यंत हात धुतलेत आणि माझ्यापुढे पाटावर बसलात. "डोळा मिटू नगंस. म्हस बी एवढी हलत न्हाय."

लेन्स बसली की हनुवटी वर करून विचारायचात, "ठिपकं किती?" गोंदणाचे तीन ठिपके. मी पाच म्हणाले की लेन्स परत बाहेर! सहा वर्षं रोज मला पहिली स्पष्ट दिसायची ती तुमची हनुवटी. हे तुम्हाला कधी का नाही सांगितलं मी?

मला शिकवा म्हटलं की तुमचं ठरलेलं, "मी हाय की." आणि एका सकाळी धारेला उठलाच नाहीत. असं जातात का कुणी, सुनेला लेन्स न घालता?

घर माणसांनी भरलं. त्या गर्दीत 'आधी मला लेन्स घाला' असं कुणाला म्हणणार? तुमच्या तोंडाजवळ वाकले, तरी ठिपके दिसेनात. हनुवटीवरून बोट फिरवलं. गोंदण बोटाला लागत नाही, हे तेव्हा कळलं.

आज चौथ्या खेपेला लेन्स बसली. खात्री करायला तुमच्या फोटोसमोर गेले, तर फोटोवाल्यानं चेहरा उजळताना ठिपकेच पुसलेले! महिनाभर हार घालतोय आम्ही, कुणाच्या ध्यानात नाही. इतका राग आला मला. फोटो उतरवला, काचेवर काजळानं तीन ठिपके दिले, लांब जाऊन मोजले. तीनच होते.

मग डोळे भरून आले आणि हात आपोआप डोळ्यांकडे गेला. डॉक्टरांनी एकदाच सांगितलेलं, डोळे चोळायचे नाहीत. त्यावर तुम्ही सहा वर्षं पहारा दिलात. हात खाली घेतला.

आत्ती, रडणार नाही असं वचन देत नाही. ते जमायचं नाही. पण डोळे चोळणार नाही.

तुमची, म्हशीपेक्षा जास्त हलणारी सून,
वैशाली