चांदी लावलेली नळी

प्रिय अस्मी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे. पत्र तुझ्या कंपनीच्या गेटवर वॉचमनकडे ठेवणार आहे. आत येणार नाही. मागच्या वेळी तुझ्या साहेबासमोर तमाशा केला तेवढा पुरे.

पप्पांना परत ताप भरलाय. सोसायटीची टाकी धुताना पडले तेव्हा वाटलं होतं, कंबर गेली तर गेली, माणूस तरी राहिला. उल्हासनगरला दवाखान्यात आणलं, लघवीची नळी घातली, आणि आता त्या नळीतूनच जंतू शिरतात म्हणे. नळी बदलतात, औषध बदलतात, जरा बरं वाटतं, की परत माणूस थडथड उडायला लागतो. मी तर साबणाने एवढे हात धुतले की सालं निघाली. जंतूंना काय त्याचं. ते नळीच्या आत बिऱ्हाड करून बसलेत, भाडं न देता.

आणि तू अंबरनाथला बसून तसल्याच नळीला चांदीचा लेप लावतेस. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एकाएवढा चांदीचा कण, त्याच्यावर जंतूला पाय रोवता येत नाही, हे तूच मला जेवताना सांगितलंस. मग बापासाठी एक नळी आण म्हणाले तर माझं काय चुकलं? तू म्हणालीस, आई, ती माणसाला घालायची परवानगी अजून नाही. चांदी जंतूला मारते, पण माणसाच्या अंगाला किती त्रास देते ते तपासायचं चाललंय. आणि आत शिरलेला आजार ती बरा करत नाही, नवा येऊ देत नाही एवढंच. मला त्यातलं ‘नाही’ तेवढं ऐकू आलं. शेजारच्या खाटेवरच्या सिंधी दादीला सांगितलं तर ती म्हणते, तेरी बेटी साइंटिस्ट है या कलर का काम करती है? तिच्यासमोर हसले आणि बाहेर येऊन फोनवर तुला नाही नाही ते बोलले.

परवा काय केलं ते ऐक. पायातली जोडवी काढली, घासून घासून धुतली आणि दोऱ्याने पप्पांच्या नळीला बांधली. चांदी ती चांदी. सिस्टरने बघितलं आणि सगळ्या वॉर्डासमोर झापलं, अहो मावशी, पायातलं काढून इथे बांधता? पप्पा तेवढ्या तापात हसले. म्हणाले, घाल गं ती जिथली तिथे, मी आहे अजून. तशी घातली. सारखा हात लावून बघते.

आज डॉक्टरांनी बाजूला घेतलं. जंतू रक्तात गेलेत, शेवटचं औषध पण लागू पडेना. मी विचारलं, चांदीची नळी आणली तर? ते म्हणाले, बाई, आता सोन्याची आणलीत तरी नाही. म्हणजे तू सांगितलंस तेच. पप्पा दाराकडे बघत पडलेत. चप्पल वाजली की मान वळवतात. अस्मी का येत नाही म्हणून मला विचारतात, आणि मी कामाचं निमित्त सांगते. खरं मला ठाऊक आहे. तू दारात आलीस की मी तुझं तोंड बघायच्या आधी पिशवी बघायचे. आणलीस का, हेच पहिलं. आता नाही विचारणार. नळीचं नाव काढणार नाही. रिकाम्या हाताने ये पोरी. दारातल्या बेसिनवर हात धू आणि त्यांच्या हातात दे. माझ्या पायात जोडवी आहेत तोवर ये.

तुझीच,
आई